आज घरी काय शिजले?

“आज घरी काय शिजले?” हा प्रश्न पालघरकडच्या कोणत्याही घरात विचारा. डहाणूच्या बागायतदाराला विचारा, सातपाटीच्या कोळणीला विचारा, नाही तर मनोरच्या पुढच्या पाड्यावरील आजीबाईंना विचारा. उत्तराची सुरुवात एकाच शब्दाने होईल, तो म्हणजे भात. भाजी, आमटी, कालवण यांची नावे मागाहून येतील. घाटावरच्या पाहुण्याला ज्वारीची भाकरी मिळाली नाही तर जेवल्यासारखे वाटत नाही. तसेच आपले भाताचे आहे. दोन भाकऱ्या पोटात गेल्या तरी वर चार घास भात झाल्याशिवाय हात धुवावासा वाटत नाही.

जे अन्न आपण रोज खातो, सगळ्यात जास्त खातो आणि ज्याच्या जिवावर कष्ट करतो, ते आपले मुख्य अन्न. बाकीचे पदार्थ पाहुण्यासारखे असतात. सणाला पुरणपोळी येते, पावसाळ्यात शेवळाची भाजी येते, मे महिन्यात आंबा येतो आणि आपापले दिवस राहून परत जातो. मुख्य अन्न मात्र घरच्या माणसासारखे बारा महिने घरातच असते. म्हणूनच त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. पण एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पाहुण्यात काही खोट असली तर ती दोन दिवसांची. घरच्या माणसात खोट असली तर ती रोजची. मुख्य अन्नात थोडी जरी उणीव राहिली, तरी ती दिवसातून दोनदा, वर्षाचे ३६५ दिवस अंगात साठत जाते. पोट भरते आणि हाडे मात्र उपाशी राहतात!

बंदरपट्टी आणि जंगलपट्टी

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. तालुके आठ, पण आपल्याकडचे जुने लोक मुलखाचे दोनच भाग सांगतात. रेल्वेच्या पश्चिमेकडची ती बंदरपट्टी आणि पूर्वेकडची ती जंगलपट्टी. दोन्हीकडे पाऊस एकच, देवही बरेचसे तेच. पण ताट वेगवेगळे.

बंदरपट्टीवर म्हणजे सातपाटी, तारापूर, चिंचणी, डहाणू या बाजूला तांदळाची पांढरी भाकरी, भात आणि मासळीचे कालवण हे रोजचे जेवण. हंगामात ताजी मासळी, पावसाळ्यात दर्या बंद असताना सुका बोंबील आणि जवळा. सुक्या मासळीला वास येतो म्हणून शहरातले लोक नाक मुरडतात. पण शंभर ग्रॅम सुक्या बोंबलात साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. अर्थात एका वेळी शंभर ग्रॅम कोणी खात नाही. तरी भाताच्या डोंगरावर दोन-चार बोंबील पडले, तर त्या जेवणाला जोर येतो. पूर्वी कोळणी पाटीत सुकी मासळी घेऊन जंगलपट्टीत जात आणि मोबदल्यात भात घेऊन येत. पैशाचा व्यवहार थोडा, पण दोन्ही चुलींवर जे कमी होते ते पोहोचत असे.

जंगलपट्टीत, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात, पाण्याखालचे सपाट खाचर थोडे आणि वरकस उतार फार. तिथे भाताच्या जोडीला नागली आणि वरई. नागली म्हणजेच नाचणी. वरकस जमिनीचा जुना फेर असा, की पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, मग उडीद, तूर किंवा खुरासणी आणि पुढे जमिनीला विसावा. या फेराचे एक वैशिष्ट्य पाहा. जमिनीला जसा आलटून पालटून खुराक मिळे, तसाच तो माणसालाही मिळे. नागलीची भाकर, उडदाचे कालवण, खुरासणीची चटणी. तेलबी आली, डाळ आली आणि धान्य आले. हे कोणी पुस्तकात वाचून केले नव्हते. डोंगरात जे पिकेल ते खायचे, इतकाच त्यामागचा हिशेब होता.

या दोहोंच्या मध्ये पालघर, बोईसर, मनोर, वाडा हा सखल भाताचा मुलूख. दिवाळीच्या सुमारास भात कापून झाले की उरलेल्या ओलीवर वाल आणि हरभरा पेरायचा. बांधावर तूर. पहिल्या पावसात ओहोळाला चढणीचे मासे आणि शेतात खेकडे. अंगणातल्या वेलीवर काकडी, भोपळा, दोडका. परसात एक शेवग्याचे झाड. भात मुख्य खरा, पण तो एकटा नव्हता. त्याच्याभोवती ही सगळी भावकी उभी होती.

उखळ गेले, हलर आला

आता भाताचीच गोष्ट घेऊ. शेतात पिकते ते भात आणि चुलीवर शिजते ते तांदूळ. या दोन्हींच्या मध्ये पूर्वी उखळ-मुसळ होते, आता हलर आहे. शंभर किलो भात गिरणीत घातले तर त्यातले सुमारे वीस किलो तूस निघते. ते टाकायचेच. पण त्यानंतर आठ-दहा किलो कोंडा निघतो, तो मात्र तुसासारखा टाकाऊ नव्हे. दाण्याच्या अंगावरचा तो तांबूस पापुद्रा म्हणजे तांदळाचा सकस भाग. ब जीवनसत्त्व त्यातच, तेल त्यातच, लोहही बरेचसे त्यातच. हातसडीच्या तांदळावर हा पापुद्रा थोडाफार राहात असे. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र करून आणला की तो सगळा कोंड्यात जातो, आणि कोंडा जातो गुरांकडे. गुरे धष्टपुष्ट होतात. माणसे पांढरा भात पाहून खूष होतात.

या बाबतीत कोंबड्यांची एक खरी हकिगत सांगण्यासारखी आहे. १८९० च्या सुमारास जावा बेटावर आइकमन नावाचा एक डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होता. या रोगात माणसाचे पाय लुळे पडत आणि पुष्कळ माणसे दगावत. एके दिवशी त्याच्या लक्षात आले, की इस्पितळाच्या आवारातल्या कोंबड्याही तशाच लडखडत चालू लागल्या आहेत. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. मध्यंतरी त्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्याने कोंबड्यांना असला चांगला भात द्यायला नकार दिला. मग त्या पुन्हा साधा न सडलेला तांदूळ खाऊ लागल्या आणि उभ्या राहिल्या! जे जीवनसत्त्व कोंड्यात होते त्याचा पत्ता पुढे याच धाग्यावरून लागला आणि १९२९ साली आइकमनना नोबेल पारितोषिक मिळाले. हलक्या तांदळाने कोंबड्या सुधारल्या आणि भारी तांदळाने बिघडल्या, हे आपण शेतकऱ्यांनी विसरता कामा नये.

हातसडी सुटली म्हणून कोणाला दोष देता येणार नाही. दिवसभर आवणी करून आलेल्या बाईने रात्री उखळावर घाम गाळावा, असे आज कोणीही म्हणणार नाही. मुसळ सुटले हे आपल्या आयाबहिणींच्या खांद्यांवर उपकारच झाले. पण हलरवाल्याला एवढे सांगता येते, की “तांदूळ एकदाच काढ, फार पांढरा करू नकोस.” एवढ्या सांगण्याला पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट पेजेची. पूर्वी भात मोकळ्या पाण्यात शिजवून वेळत आणि वरची पेज मीठ घालून घरातली मुले, म्हातारी माणसे पीत. तांदळातले जे पाण्यात उतरे ते असे पोटातच जाई. आता काही घरी भात वेळतात, पण पेज मोरीत ओततात. हे म्हणजे दूध उतू घालवून भांडे जपण्यासारखे झाले. भात कुकरात बेताच्या पाण्यात शिजवला तर काही वाया जात नाही. वेळायचाच असेल, तर पेज टाकू नये. आणि तांदूळ दोन पाण्यांनी धुतला की पुरे. चार-पाच वेळा चोळून धुतल्याने तो स्वच्छ होण्यापेक्षा निःसत्त्व अधिक होतो.

नागली ताटातून का उठली?

जंगलपट्टीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारले तर ती सांगतात, की आमच्या लहानपणी भात सणाला, एरवी नागलीची भाकर आणि आंबील. आज उलटे झाले आहे. भात रोज आणि नागली कधीमधी. असे का झाले, याची कारणे प्रामाणिकपणे पाहिली पाहिजेत.

पहिले कारण कष्ट. नागलीलाही भातासारखाच राब भाजा, रोप टाका आणि आषाढात भर पावसात उतारावर ओणवे होऊन लावणी करा. मग बेणणी, मग एकेक कणीस खुडणे, मग झोडणी, पाखडणी. एवढे करून हाती पडते ते थोडे. दुसरे कारण प्रतिष्ठा. भाकर काळी, भात पांढरा. मुलीच्या सासरी पाहुणे आले की काळी भाकर पुढे करायला लाज वाटू लागली. तिसरे आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे रेशन. स्वस्त तांदूळ दुकानात मिळू लागला, मग डोंगर उतारावर कंबर कोण मोडणार?

रेशनने उपकार केले यात शंका नाही. जेठ-आषाढात कणगीचा तळ दिसू लागला, की पूर्वी सावकाराच्या ओटीवर जाऊन खावटी मागावी लागे. खावटी म्हणजे खाण्यापुरते उसने धान्य. ते पीक आल्यावर वाढीव देऊन फेडायचे आणि जमले नाही तर वेठीला जायचे. या जाचातूनच १९४५ साली तलासरीकडे वारल्यांचा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्याची हकिगत लिहिली आहे. पुढे सरकारच्या आदिवासी विकास महामंडळानेही खावटी याच नावाने कर्जे दिली. शब्द तोच राहिला, कारण आषाढातली भूक तीच होती. आज ती भूक रेशनने बरीच आवरली आहे, हे मान्य केले पाहिजे.

पण रेशनचा हिशेबही एकदा मांडून पाहू. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना ५ किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते फुकट देण्यात येऊ लागले. आता ५ किलोला तीस दिवसांनी भागा. दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास पडतात. त्यातून पावणेसहाशेच्या आसपास उष्मांक मिळतात. शेतात राबणाऱ्या गड्याला दिवसाला २७०० उष्मांक तरी हवेत. म्हणजे रेशनच्या धान्याने चौथ्या हिश्श्याहून थोडी कमीच गरज भागते. कायद्याने जे मिळते ते धान्य. डाळ, तेल, भाजी ज्याची त्याने आणायची. रेशनवर पोट टेकते, पण आयुष्य टेकवता येत नाही. उरलेल्या तीन हिश्श्यांची सोय शेतातून, परसातून आणि मजुरीतून करावी लागते, आणि आपल्याकडे गफलत होते ती तिथेच. उरलेले तीन हिस्सेही आपण विकतच्या पांढऱ्या तांदळानेच भरतो.

आता नागलीत काय आहे ते पाहा. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे हाडांना लागणारा चुना. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास. गाईच्या दुधातही शंभर ग्रॅमला सव्वाशेपेक्षा थोडे कमीच. नागलीतले सगळेच अंगी लागत नाही हे खरे. तरी ज्या घरात दुभते जनावर नाही, तिथे नागली हीच गाय म्हणायची! शिवाय नागलीत लोह आहे, चोथा आहे, आणि दाणा इतका बारीक व कठीण, की तिला सहसा कीड लागत नाही. कणगीत वर्षानुवर्षे राहते. भात दगा देईल त्या वर्षी नागली घर सावरते, हे आपल्या वाडवडिलांनी ओळखले होते.

गंमत अशी, की ज्या धान्याची आपल्याला लाज वाटली, त्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे अख्खे वर्ष साजरे केले, आणि आपल्या सरकारने भरडधान्यांना ‘श्री अन्न’ असे नाव दिले. मुंबईच्या दुकानांतून नाचणीची बिस्किटे रंगीत पुड्यांत विकली जातात. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने नागलीचा हमीभाव क्विंटलला ४८८६ रुपये जाहीर केला, तर साध्या भाताचा २३६९ रुपये. भाव दुप्पट, पण उतारा कमी. म्हणून सगळे रान नागलीखाली आणा असे कोणी म्हणणार नाही. घरच्या खाण्यापुरते एक-दोन गुंठे वरकस मात्र तिच्यासाठी राखून ठेवायला काय हरकत आहे?

हीच गत वाड्याच्या कोलमची. वाडा कोलम म्हणजे झिणी तांदूळ. बारीक, सुवासिक, पचायला हलका. २०२१ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. चांगला भाव येतो म्हणून शेतकरी कोलम बाजारात घालतो आणि घरी रेशनचा तांदूळ शिजवतो. विकण्यात काही चूक नाही. घर पैशावरही चालते. पण त्या पैशातला थोडा हिस्सा तुरीच्या डाळीवर आणि अंड्यांवर परत फिरला, तरच तो सौदा फायद्याचा. तो सगळा चहा-साखर आणि पुडीतल्या खाऊवर गेला, तर आपण सोने देऊन पितळ घेतले असे होईल.

बोईसरचा डबा

१९६९ साली तारापूरला देशातली पहिली अणुवीज तयार होऊ लागली. पाठोपाठ बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. रासायनिक, औषधी, पोलादी कारखाने आले. नव्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे जुन्या जागेवरून उठली. पुढच्या काळात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा अशा दूरदूरच्या मुलखांतून कामगार आले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे अन्नही आले. पूर्वी आपल्याकडे गव्हाची चपाती म्हणजे सणावाराची गोष्ट. आता बोईसरच्या बाजारात आट्याच्या पिशव्यांची थप्पी लागलेली असते.

गव्हाशी आपले काही वैर नाही. तांदळापेक्षा त्यात प्रथिने थोडी अधिकच. आणि कारखान्यात जाणाऱ्याच्या डब्यात भाताचे पातेले मावत नाही, चार चपात्या आणि भाजी मावते. काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. शेतावरच्या माणसाचे जेवण पाळीवर होते. सकाळी पेज किंवा भाकर, दुपारी जेवण, रात्री जेवण. कारखान्यातल्या माणसाला पाळी बदलली की जेवण बदलते. रात्रपाळीहून आलेला मुलगा सकाळी स्टेशनाजवळ वडापाव आणि चहा घेतो, घरी येऊन झोपतो आणि दुपारी उठून भात खातो. वडापावात काय आहे? मैदा, बटाटा आणि तेल. पोट भरते, पण डाळ नाही, हिरवे पान नाही. शेतातली तूर, वाल, बांधावरचा माठ हे सगळे शेताबरोबर गेले आणि त्यांची जागा घेणारे काही आले नाही.

यावर उपाय अवघड नाही, फक्त तो घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचा. डब्यात चपातीबरोबर उसळ द्यावी. मूग, मटकी, वाल यांना रात्री भिजवून मोड आणले की सकाळी दहा मिनिटांत उसळ होते. रात्रपाळीवाल्याच्या डब्यात दोन उकडलेली अंडी, नाही तर मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गूळ. वडापावाच्या मानाने त्याला फार खर्च येतो असेही नाही.

शेवटी कोण जेवते?

आता जरा कठीण गोष्टीकडे येऊ. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी येथे लहान मुले मोठ्या संख्येने दगावली आणि सगळ्या महाराष्ट्राला धक्का बसला. त्यानंतर योजना आल्या, अधिकारी आले, दवाखाने आले. तरी २०१६ साली पुन्हा मोखाड्याकडच्या बालमृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. मूल एकाएकी कुपोषित होत नाही. त्याची सुरुवात बहुधा आईच्या ताटापासून होते.

आपल्या घरातली पंगत आठवा. आधी पुरुष, मग मुले, मग सासूबाई आणि सर्वांत शेवटी सून. ती बसते तेव्हा भात असतो, पण कालवण तळाशी गेलेले असते. मासळीचा तुकडा कधीच संपलेला असतो. ती चिमूटभर मीठ, एखादी मिरची आणि उरलेली आमटी पाण्याने वाढवून भात खाते. पोट भरते. त्यातच ती दोन जिवांची असेल, तर वाढत्या जिवाला लागणारे लोह आणि चुना तिच्या स्वतःच्या अंगातून जातो. मूल जन्मते तेच कमी वजनाचे. मग दिवाळीनंतर सगळे कुटुंब भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जाते आणि मूल पाटीत घालून न्यावे लागते.

याच मुलखात ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम केले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यावी, असा त्यांनी विचार केला. अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो. पण त्यामागचे अंगण आपल्या पालघरचे आहे! आता त्याच अंगणवाडीत २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातल्या गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना एक वेळचे गरम, चौरस जेवण देण्याची सोय झाली. ते जेवण तिने तिथे बसून खावे असा त्यामागचा हेतू. घरी डबा आणला की त्याचे पाच वाटे होतात. तेव्हा सासूबाईंनी सुनेला सांगावे, “आधी तिथे जेव आणि मग घरी ये.” या एका वाक्याने जेवढे काम होईल तेवढे दहा औषधांनी होणार नाही.

घरच्या घरी करण्यासारखे

आता थोडे व्यवहाराचे. पैसा फार न लावता रोजचे ताट कसे भरदार करता येईल, ते पाहू.

भात एकटा शिजवू नये. तांदळातल्या प्रथिनांत जे कमी ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी ते तांदळात असते. दोन्ही एका ताटात आली की एकमेकांची उणीव भरून काढतात. तीन भाग धान्याला एक भाग डाळ किंवा कडधान्य, असे माप धरावे. तूर महाग असेल तेव्हा उडीद, वाल, चवळी घ्यावी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितले आहे, की दिवसभराच्या उष्मांकांतले धान्यातून येणारे उष्मांक शंभरातले पंचेचाळीसच्या वर जाऊ नयेत. आपल्याकडे ते फार वर जातात. ते एकदम खाली आणणे कोणाला जमणार नाही. पण रोज एक पळी डाळ वाढवणे जमेल.

आठवड्यातून तीन दिवस तरी एक वेळ नागलीची भाकर करावी. मुलांना आवडत नसेल तर निम्मे तांदळाचे पीठ मिसळावे. उन्हाळ्यात ताकातली आंबील करावी.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचे दूधच. पुढे दुधाबरोबर नागलीचे सत्त्व सुरू करावे. नागली धुऊन रात्रभर भिजवावी, मग फडक्यात बांधून ठेवावी. दीड दिवसात बारीक मोड येतात. सावलीत वाळवून, मंद भाजून दळावी आणि पीठ वस्त्रगाळ करून घ्यावे. मोड आल्याने नागली पचायला हलकी होते आणि तिच्यातले लोह अंगी अधिक लागते. पिठाची लापशी दुधात किंवा पाण्यात शिजवून वर तेलाचे किंवा तुपाचे दोन थेंब सोडावेत.

हिरवी पाने रोज हवीत. पावसाळ्यात रान स्वतःच वाढायला बसलेले असते. टाकळा, कुरडू, माठ, कोवळा शेवगा, करटोली. शेवळ मात्र काकडाच्या फळांबरोबरच शिजवावे, नाही तर घसा खवखवतो. हे थोरामोठ्यांकडून शिकून घ्यावे. मुलींना रानभाज्यांची ओळख करून द्यावी आणि मुलांनाही.

जेवताना लिंबू, आवळा किंवा कच्चे काही आंबट असावे. त्याने लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते लागत नाही. तासाभराने घ्यावा.

२०२४ पर्यंत रेशनच्या तांदळात शंभर किलोला एक किलो या प्रमाणात पोषक दाणे मिसळण्याची व्यवस्था देशभर झाली. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळून हे दाणे बनवतात. ते थोडे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात. म्हणून ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी आवई उठली आणि घरोघरी बाया ते निवडून टाकू लागल्या. असे दाणे आढळले तर टाकू नयेत. घरात कोणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारून घ्यावे.

आणि अखेरची गोष्ट म्हणजे पंगत. निदान रात्रीचे जेवण सगळ्यांनी एकत्र बसून घ्यावे आणि कालवण आधी सर्वांचे वाढून मग भात घ्यावा. याला ना बियाणे लागते ना कर्ज.

कणसरीची आठवण

आपल्याकडचे वारली बांधव धान्याच्या देवीला कणसरी म्हणतात. नवे भात आले की आधी देवाला दाखवल्याशिवाय ते तोंडात घालत नाहीत. लग्नघरी भिंतीवर चौक लिहितात, तोही तांदळाच्या पिठाने. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी याच पांढऱ्या रेघांनी जगाचे डोळे आपल्या मुलखाकडे वळवले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत पाहिले तर लावणी करणाऱ्या बाया असतात, झोडणी असते, कणगी असते, कोंबड्या असतात, झाडे असतात, मासे धरणारी माणसे असतात. नुसता भाताचा दाणा त्यात कधी एकटा नसतो. त्याच्याभोवती सगळे गाव असते.

आपल्या ताटाचेही तसेच असावे. भात हवाच, तो आपला प्राण आहे. पण त्याच्या एका बाजूला डाळ, दुसऱ्या बाजूला हिरवे पान, कडेला बोंबील किंवा अंडे आणि आठवड्यातून काही दिवस ती काळीसावळी नागलीची भाकर. मग उद्या कोणी विचारले, “आज घरी काय शिजले?” तर नुसते ‘भात’ म्हणून थांबावे लागणार नाही.